आठ ग्रॅम मध

(भोकरदन तालुक्यातील एका वस्तीवर महिला बचत गटांच्या बैठकीत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मायबहिणींनो, आणि मागे दाराशी उभे असलेले काका, दादा, तुम्हीही आत या. मध काढणारे तुम्हीच आहात. तुम्ही बाहेर आणि मी आत मधाबद्दल बोलणार, हे काही बरं दिसत नाही.

आधी ही वस्तू हातात घ्या आणि पुढे सरकवा. बोटाएवढी रुंद, वीतभर लांब, दोन्ही टोकांना बंद. आत आठ ग्रॅम मध आहे. मघाशी बाहेरच्या पोरांनी बघितलं आणि ओरडली, ‘पेप्सी आली, पेप्सी आली!’ त्यांचं चुकलं नाही. आठवडी बाजारात बर्फाची पेप्सी मिळते तसंच हे दिसतं. आम्ही याला मधाची नळी म्हणतो. एक टोक दाताने किंवा कात्रीने कापायचं आणि चोखायचं. परदेशात शेतकऱ्यांच्या बाजारात अशा नळ्या मुलांसाठी ठेवतात. आपल्याकडे अजून फार कुणी करत नाही, म्हणून तुमच्या ताईंनी मला बोलावलं, की येऊन शिकवा, गट मशीन घ्यायला कर्ज काढणार आहे.

कर्जाचं मी शेवटी बोलते. आज कुणीही अंगठा उमटवू नका, एवढंच आत्ता सांगून ठेवते.

मी जालन्यात माझ्या स्वयंपाकघरात हे काम करते. मी आणि शेजारची एक मामी. मोठा कारखाना नाही, एक ओटा आहे, एक सीलिंग मशीन आहे आणि एक वजनकाटा आहे. जे शिकले ते चुकून शिकले. म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी सांगते.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. आषाढ लागला होता. अजिंठ्याच्या डोंगराकडच्या एका वस्तीवरचे काका अकरा किलो मध घेऊन आले. आग्या मोहळाचा मध, कड्यावरून काढलेला. दोर बांधून रात्री उतरले होते, हाताला माशा चावलेल्या, मनगट सुजलेलं. मध काळसर, वास तर असा की डबा उघडला आणि घरभर पसरला. मी पैसे अर्धे दिले, अर्धे विकल्यावर देते म्हटलं. आम्ही दोघींनी आठवडाभर बसून तेराशेच्या वर नळ्या भरल्या. शहरातल्या एका दुकानात ठेवायला दिल्या. बाराव्या दिवशी दुकानदाराचा फोन आला, ‘ताई, तुमचा माल घेऊन जा, फुगलाय.’

जाऊन बघते तर प्रत्येक नळी टम्म. काही फुटलेल्या, बरणी चिकट, मुंग्या लागलेल्या. एका शाळेतल्या पोरीच्या दप्तरात फुटली होती, तिच्या आईने वह्या आणून दुकानदाराच्या पुढ्यात ठेवल्या होत्या. नळी कापून नाकाशी धरली तर आंबूस, ताडीसारखा वास. सगळा माल गेला. वह्यांचे पैसे दिले.

त्याहून अवघड होतं ते काकांना सांगणं. मी त्यांच्या वस्तीवर गेले. ते म्हणाले, ‘ताई, मध कसा नासंल? माझ्या आजीच्या मडक्यात तीन वर्साचा मध व्हता, तसाच गोड.’ त्यांना वाटलं मी उरलेले पैसे बुडवायला गोष्ट रचतेय. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. मी पैसे पूर्ण दिले. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, ते शोधायला मला वर्ष लागलं.

उत्तर असं आहे. आजी मध चैत्रात काढायची. हा मध आषाढातला होता.

मधात पाणी असतं. माशा पोळ्यात पंखांनी वारा घालून ते उडवतात, आणि पुरेसं उडालं की वर मेणाचं झाकण लावतात. झाकण लागलेला मध म्हणजे पिकलेला मध. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमात मधात जास्तीत जास्त २० टक्के पाणी चालतं. त्याच्या वर गेलं की मधात आधीच असलेलं किण्व, म्हणजे पीठ आंबवते तसली बारीक बुरशी, कामाला लागतं. साखर खातं आणि वायू सोडतं. मडक्यात असेल तर वायू निघून जातो, वर फेस दिसतो. आपण तर दोन्हीकडून घट्ट बंद केलेली नळी! वायू जाणार कुठे? पावसाळ्यात हवाच ओली असते, आग्या माशीचं पोळं उघड्यावर टांगलेलं असतं, मध पातळच राहतो. आणि मधाचा स्वभाव असा की उघडा ठेवला तर हवेतलं पाणी तो स्वतःकडे ओढून घेतो. मी तर आठवडाभर आषाढात पातेलं उघडं ठेवून भरत बसले होते.

तेव्हापासून माझा नियम आहे. फाल्गुन ते वैशाख एवढाच मध नळीत घालायचा. पावसाळ्यातला मध वाईट नाही, घरी खा, लवकर खा, पण बंद करून विकू नका.

मध पातळ आहे की पिकलेला, हे ओळखायचं कसं? एक छोटं दुर्बिणीसारखं यंत्र मिळतं, थेंबभर मध लावून उजेडाकडे धरलं की आत पाण्याचा आकडा दिसतो. गटाने मिळून एखादं घ्यावं. ते येईपर्यंत किराणा दुकानाचा काटा पुरतो. पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, काट्यावर तोलून एक किलो पाणी भरा, कुठवर येतं ती खूण करा, पाणी काढा, पूर्ण वाळवा, रिकामी बाटली तोला. मग त्याच खुणेपर्यंत मध भरा आणि परत तोला. पाणी एक किलो भरतं. चांगला मध १ किलो ४०० ग्रॅमच्या वर भरला पाहिजे. खाली आला तर त्यात पाणी जास्त आहे, नळीत घालू नका. फेस बसू द्या मग तोला, फेसाने काटा फसवतो.

आणि ते काडी पेटवून बघणं, पाण्यात थेंब सोडून बघणं, कुत्रं खातं का बघणं, हे सगळं सोडा. मधाच्या नावाखाली साखरेचा पाक इतका हुशारीने बनवतात की प्रयोगशाळेच्या साध्या तपासण्याही तो पार करतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १३ ब्रँडचे नमुने बारकाईच्या तपासणीसाठी जर्मनीला पाठवले, त्यातले १० नापास झाले. आपल्या काडीला काय कळणार? आपल्या मधाचा पुरावा एकच, तो कुणी, कुठल्या डोंगरावरून, कुठल्या महिन्यात काढला हे आपल्याला माहीत आहे. शहरातलं गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

आता काका, दादा, तुमच्याकडे वळते. मोहळ काढताना टेंभा लावून माशा जाळणं आणि सगळं पोळं कापून हाताने पिळणं, ही आपली जुनी रीत. राग मानू नका, पण नळीच्या कामाला तो मध नको. पिळताना पिल्लांचा रस आणि परागही मधात उतरतो आणि तोच आधी आंबतो. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या कोपऱ्याला जाड भागात असतो, पिल्लं खालच्या पसरट भागात. धूर दाखवायचा, जाळायचं नाही. जाड भाग तेवढा कापायचा, पिल्लांचा तसाच ठेवायचा. माशा त्याच जागी पुन्हा मध भरतात, तोच कडा पुन्हा कामाला येतो. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे हे शास्त्रशुद्ध शिकवतात, अंगभर पोशाख आणि जाळीची टोपी कशी वापरायची तेही. सरकारने २०२० मध्ये वनमधाची किमान आधारभूत किंमत १९५ वरून २२५ रुपये किलो केली. पण कड्यावरून उतरणाऱ्या माणसाला २२५ रुपये हा भाव पुरेसा आहे असं मला वाटत नाही. मी तीनशे देते आणि झाकण लागलेला, न पिळलेला मध असेल तर त्याहून जास्त.

कापलेला भाग सुरीने चिरून स्वच्छ सुती फडक्यातून आपोआप गळू द्यायचा. रात्रभर लागते. फडकं पिळायचं नाही, हात शिवशिवतात तरी नाही. मग झाकण लावून दोन-तीन दिवस ठेवा. मेण आणि फेस वर येतो, पळीने काढून घ्या. तो टाकू नका, घरच्यांना द्या.

आता नळी. इथे दुसरी गोम आहे आणि ती कायद्याची आहे. सुरुवातीला मी सरबताच्या प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ आणून भरायचे. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने एकदा वापरून फेकायच्या काही प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली. ताटल्या, पेले, चमचे, आणि त्याच यादीत स्ट्रॉ. बनवणं, साठवणं, विकणं, वापरणं, सगळं बंद. तुम्ही बघितलं असेल, ज्यूसच्या छोट्या खोक्याला आता कागदाची स्ट्रॉ येते. मोबाईलवरच्या परदेशी व्हिडिओत ती रंगीत प्लॅस्टिकची स्ट्रॉ दाखवतात आणि आपल्या बाया तेच बघून माल मागवतात. मागवू नका. दंड झाला तर गटाच्या नावावर बसेल. कागदाची स्ट्रॉ मधाने भिजते, तिला गरम करून सीलही बसत नाही.

मग आम्ही खाण्याच्या पदार्थांसाठीचा ट्यूबचा रोल आणायला लागलो. पॅकिंगचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो. ‘खाद्यपदार्थासाठीचा’ असं लिहिलेला मागा आणि जाडी ५० मायक्रॉनच्या खाली घेऊ नका. पातळ असला की सीलच्या कडेला फाटतो. फार अरुंद रोल मिळत नाही, म्हणून आम्ही दोन बोटं रुंदीचा घेतो, १५ सेंटिमीटरचे तुकडे करतो आणि मधोमध उभं सील मारतो. एका तुकड्याच्या दोन नळ्या होतात. कापून वेगळ्या करायच्या असतील तर शेजारीशेजारी दोन सील मारा आणि त्यांच्या मधून कात्री चालवा. आम्ही बहुतेक वेळा जोडीच ठेवतो. बहीणभावंडं एकेक घेतात, भांडणं कमी! तरी सुरू करण्याआधी नमुना घेऊन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात दाखवा आणि चालेल का ते लेखी विचारा. तोंडी ‘चालतंय की’ यावर विसंबू नका. आणि जिथे विकाल तिथे रिकाम्या नळ्या टाकायला डबा ठेवा. प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच, गाईच्या पोटात जायला वेळ लागत नाही.

आता भरणं. तुमच्यापैकी मेंदीचे कोन कोण भरतं? हात वर करा. बघा, निम्म्या बाया तयारच आहेत. काम तेच आहे, फरक एवढाच की मेंदी घट्ट असते आणि मध पळतो.

मध थोडा कोमट करा. पातेल्यात पाणी, पाण्यात मधाचं भांडं, गॅस मंद. बोट बुडवून सहज ठेवता येईल इतकंच पाणी गरम, चाळीस अंशांच्या आसपास. मध सरळ विस्तवावर ठेवू नका, जळका वास येतो आणि तपासणीत मध खूप तापवल्याची खूण सापडते. कोमट मध सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये, पन्नास मिलीच्या, औषधाच्या दुकानात मिळते, किंवा सॉसच्या चोचीच्या बाटलीत भरा. नळीचं एक टोक आधीच सील केलेलं असावं. चोच तळापर्यंत घाला आणि भरत भरत वर ओढा, वरून ओतलंत तर मधे हवेचा गोळा अडकतो.

आणि इथेच सगळं ठरतं. नळीच्या वरच्या दोन बोटं भागाला आतून मधाचा स्पर्श होता कामा नये. एक थेंबही नाही. सील म्हणजे काय, प्लॅस्टिकचे दोन थर गरम होऊन एकमेकांत मिसळणं. मधे मधाची पापुद्र्याएवढी फिल्म असली तरी ते मिसळत नाहीत. दिसायला सील झाल्यासारखं दिसतं, हाताला घट्ट लागतं, आणि तीन दिवसांनी उन्हात एसटीच्या टपावर उघडतं. आमच्या पहिल्या शंभरात तीसेक नळ्या अशा निघाल्या. पुसून उपयोग होत नाही. ओल्या फडक्याने पुसलं तर पाणी राहतं, कोरड्याने पुसलं तर चिकटा पसरतो.

मामीने यावर युक्ती काढली. बटर पेपरची छोटी पुंगळी करायची, नळीच्या तोंडात दोन बोटं आत घालायची, तिच्यातून चोच आत सोडायची. भरून झालं की चोच आधी काढायची, मग पुंगळी. चोचीला लागलेला मध पुंगळीला लागतो, नळीला नाही. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या मामीने काढलेली युक्ती आहे ही, आणि मशीन विकणाऱ्या माणसाला मी सांगितली तेव्हा तो म्हणाला, असं आम्हाला कधी सुचलं नाही.

पूर्ण भरू नका. नळी चपटी दाबली तर वर दोन बोटं मोकळं राहिलं पाहिजे. आमच्या नळीत आठ ग्रॅम बसतं. प्रत्येक दहावी नळी काट्यावर ठेवून बघा, सात भरलं आणि आठ लिहिलं तर ती चोरीच झाली.

सीलबद्दल. मेणबत्तीवर हॅक्सॉ ब्लेड धरून चटणीची, पापडांची पिशवी बंद करता तुम्ही, मला माहीत आहे. मीही शेंगदाणे तसेच बंद करायचे. मधाला ते नको. काजळी बसते, कड ठिसूळ होते, आणि मधासारखा जड पातळ पदार्थ त्या ठिसूळ कडेवर सारखा दाब देत राहतो. हाताने दाबायचं विजेचं सीलिंग मशीन हजार-दीड हजारात येतं. किराणा दुकानात बघितलं असेल. खाली तापणारी तार, तिच्यावर कापडासारखी पट्टी, बाजूला आकड्यांचं बटण. ते बटण कितीवर ठेवायचं हे मी सांगू शकत नाही, तुमचा रोल, तुमच्या गावची वीज, यावर आहे. रिकाम्या तुकड्यांवर कमी आकड्यापासून चढत जा. सील ओढून बघा. सालीसारखं सुटलं तर कमी पडलं, कडेला वितळून भोक पडलं तर जास्त झालं. सील न सुटता शेजारचं प्लॅस्टिक ताणलं गेलं, तो आकडा बरोबर. तो कागदावर लिहून मशीनला चिकटवा.

लाल दिवा विझला की लगेच दांडी सोडायची नाही. मनात तीन मोजा. गरम सील मऊ असतं, थंड होईपर्यंत दाब हवा. घाईत सोडलेलं सील म्हणजे न केलेलं सील. दुपारी भार कमी-जास्त होतो तेव्हा आमचं मशीन रुसतं, म्हणून आम्ही सकाळीच बसतो. टोकाला एक सील मारून झाल्यावर अर्ध्या बोटावर दुसरं मारा. वेळ दुप्पट जातो, जाऊ द्या.

नंतर तपासणी. प्रत्येक नळी दोन बोटांत धरून दाबा. मग सगळ्या नळ्या परातीत पसरून रात्रभर जमिनीवर ठेवा, मुंग्यांच्या वाटेजवळ. हसू नका! डोळ्याला न दिसणारी गळती मुंगीला कळते. सकाळी जिच्याभोवती मुंग्या, ती नळी बाजूला. कुठल्याही यंत्राची इतकी चांगली तपासणी मी बघितलेली नाही, आणि ती फुकट आहे. फक्त उरलेल्या नळ्या ओल्या फडक्याने पुसून, वाळवून मगच पाकिटात घाला.

हिवाळ्यात नळीतला मध दाणेदार, पांढरट झाला तर गिऱ्हाईक म्हणेल साखर घातली. त्याला सांगा, हे मधाचं गोठणं आहे, कोमट पाण्यात नळी टाक, परत पातळ होईल. काही फुलांचा मध लवकर गोठतो, काहींचा महिनोन्महिने नाही. पाकिटावर एक ओळ लिहूनच टाका.

आता एका गोष्टीवर मी जरा कठोर बोलणार आहे. मघाशी एक आजी म्हणाल्या, ही नळी बाळंतिणीच्या घरी छान जाईल, बाळाला चाटवायला. आजी, तुमचा मान ठेवून सांगते, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. बोटभरसुद्धा नाही. मधात कधीकधी एका जंतूची बीजं असतात. आपल्याला काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात, विष तयार होतं, बाळ लुळं पडतं, दूध ओढत नाही, श्वास अडकू शकतो. उकळूनही ती बीजं जात नाहीत. मध शुद्ध असला तरी असतात, म्हणून ‘आमचा मध जंगलातला आहे’ याने काही फरक पडत नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत मराठीत छापा, ‘एक वर्षाखालील बाळाला देऊ नये’. ज्या आईला वाचता येत नाही तिला विकणारीने तोंडी सांगायचं.

पाकिटावर आणखी काय? गटाचं नाव-पत्ता, वजन, भरल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं, किंमत, आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक. लहान उत्पादकाला नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये आहे. नळीवर एवढं मावत नाही, म्हणून आम्ही दहा-दहाची पाकिटं करतो आणि माहिती पाकिटावर लावतो.

आता हिशेब. फळा आहे का? नाही? मग बोटांवर करू.

समजा मध तीनशे रुपये किलोने घेतला. एका किलोत आठ ग्रॅमच्या १२५ नळ्या, सांडलवंड धरून १२०. पाच रुपयाला एक विकली तर सहाशे. त्यातून मध तीनशे, रोल-पाकीट-वीज साठ, जालन्याला जाण्याचं भाडं साठ. उरले एकशे ऐंशी. हे काम दोघी जणींचं तीन तासांचं, म्हणजे सहा तास. तासाला तीस रुपये. दिवसभर आठ तास केलं तरी २४० रुपये. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये २९७ होती. म्हणजे पाच रुपयाची नळी विकणं हे मातीकामापेक्षाही स्वस्त काम झालं. सावलीत बसून होतं, एवढाच फायदा.

दहा रुपयाला विकली तर? बाराशेतून चारशे वीस गेले, उरले सातशे ऐंशी, तासाला १३०. आता कामाला अर्थ आला. पण दहा रुपये कोण देणार? गावच्या शाळेतलं पोरगं नाही देणार. शहरातली प्रदर्शनं, लग्नातला आहेर, प्रवासात चहात साखर नको म्हणणारा माणूस, हे देतील. म्हणजे नळी ही आपल्या पोरांसाठी नाही, हे मनाशी स्पष्ट असू द्या. गावात विकायचा मध बाटलीत विका, भरायला सोपा, सीलची कटकट नाही. माझ्या घरी दर किलोतला पाव किलोच नळीत जातो, बाकी बाटलीत. नळी गिऱ्हाईकाला चव दाखवते, मग ते बाटली मागतं.

म्हणून कर्जाचं. स्वयंचलित मशीन, जे हजारो नळ्या भरतं, ते दाखवायला कुणीतरी येऊन गेलं असं कळलं. त्या मशीनला रोज जितका मध लागेल तितका या तालुक्यात नाही. जालना जिल्ह्यात जंगल नावापुरतं आहे. आपल्या डोंगरावर जो मध आहे तो फाल्गुन ते वैशाखाचा. उरलेले नऊ महिने मशीनला काय पाजणार? हप्ता मात्र दर महिन्याला येईल. मग कुणीतरी सुचवेल, बाहेरून डबे आणू, आणि त्या डब्यात काय असेल ते मघाशी सांगितलं.

मध वाढवायचा असेल तर तो पेट्यांतून वाढेल. साताऱ्याकडे महाबळेश्वरजवळ मांघर नावाचं छोटं गाव आहे. मे २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथे घराघरांत पेट्या. आपला मुलूख तसा हिरवा नाही, पण आपल्याकडे दुसरं काहीतरी आहे. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. कांद्याचं बियाणं धरायचं तर फुलावर माशी बसायलाच हवी, नाहीतर गोंडे पोकळ राहतात. मोसंबीच्या बागा आहेत, जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तूर आहे, तीळ आहे, बांधावर कडुनिंब, बोर, शेवगा आहे. सातेरी माशी पेटीत राहते, आग्या राहत नाही. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन प्रशिक्षणाची चौकशी करा. मशीनच्या हप्त्याऐवजी दोन पेट्या घ्या, एक वर्ष सांभाळून बघा. शेतकरी फुलोऱ्यात फवारणी कधी करणार हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं लागेल, ते सांगतीलच असं नाही. त्यात दोन पेट्या मेल्या तर दोनच मेल्या, घर गहाण नाही पडलं.

ते काका, ज्यांचा मध मी नासवला, ते पुढच्या चैत्रात परत आले. पाच किलो घेऊन. मी त्यांच्या समोर बाटली तोलली, १ किलो ४२० भरली. त्यांनी स्वतः काटा दोनदा बघितला. त्या नळ्यांतली एक मी वर्षभर कपाटात ठेवली होती, फुगली नाही. ती त्यांना नेऊन दिली तर त्यांनी दाताने कापून नातवाला दिली आणि म्हणाले, ‘आजीच्या मडक्यातलाच हाय.’

आता भुका लागल्यात सगळ्यांना. पुढच्या गुरुवारी मी मशीन आणि रोल घेऊन येते, मधही माझाच आणते, दोन किलो. तुम्ही फक्त कोरड्या हातांनी या, केस बांधून, नखं कापून. मेंदीचे कोन भरणाऱ्या चौघी पुढे बसा. आणि कुणीतरी आपल्या घरातली वाट चालणाऱ्या मुंग्यांची जागा बघून ठेवा, परात तिथेच ठेवू.